विहिरीच्या आधीचं

कार्तिक शुद्ध चतुर्थी. चुलीवरच्या दोरीला वाळत टांगलेले भोपळे मी उतरवत होते. कोपऱ्यातली खोली भाड्याने मागायला एक कारकून येऊन गेला. उद्या सांगते, म्हटलं. त्या खोलीत अजून बुवांचा तंबोरा होता.

"चला, काळ बदलला!" हे बुवांचं पालुपद. म्हणायचे आणि उठायचे.

जव्हारात माझी खानावळ. संस्थानचे एकटे राहणारे कारकून जेवायला येत, गवई बुवा जेवायलाही आणि राहायलाही. खाली बसणं ज्यांना शिक्षा वाटते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बुवा गाण्याचा इतिहाससुद्धा चालत सांगत, माझ्या घरभर.

सुरुवात विहिरीपाशी. "इथं सामगान. आरंभी तीनच स्वर, बाई!" ते गाऊन दाखवायचे. काळ बदलला की तुळशीपाशी प्रबंध. मग ओट्यावर धृपद, कारण त्याला ऐसपैस जागा लागते. माजघरात ख्याल, स्वयंपाकघराच्या दारात ठुमरी. कारकून हातात ताटं घेऊन मागोमाग. फोनोग्राफच्या तबकडीचा काळ परसात, उकिरड्याजवळ.

"इथं उभं राहवत नाही हो," बुवा नाक धरून म्हणत.

"मग या आत. आमटी निवतेय."

एका वर्षी दसऱ्याच्या दरबारात हेच सगळं सांगायचं आणि गायचं ठरलं. महाराजांना पसंत पडलं तर कायमची नेमणूक, नाहीतर जव्हार सोडायचं. गावोगाव फिरून बुवा थकले होते. "आता मरेपर्यंत इथंच, बाई," असं स्वतःच म्हणाले.

"मग दरबारात बसून सांगा. तिथं माझं परस नाही."

मी पाट मांडला. बोलता बोलता उठले की वाढणं बंद. उपाशी राहून राहून बुवा बसायला शिकले.

दसऱ्याला आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड होतो. बुवा बसले. सामगान झालं, प्रबंध झाला. धृपदाला मांडी हलायला लागली, पण उठले नाहीत. ख्यालाला महाराजांची मान डोलली. चला, खोली रिकामी होत नाही, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात बाहेर तारपा वाजला. सणाला आलेल्या वारली लोकांपैकी कुणीतरी ते भोपळ्याचं लांब वाद्य फुंकत होता, श्वास न तोडता.

बुवांनी तान अर्ध्यावर सोडली. "थांबा," भर दरबारात म्हणाले, "विहिरीच्या आधीचं राहिलं!"

कुठली विहीर, ते तिथं मला एकटीलाच कळलं. दरबारातून मागे मागे सरत बाहेर पडायची रीत. बुवा गादीकडे पाठ करून सरळ चालू लागले.

मी मागच्या दाराने धावले. बुवा तारपेवाल्या म्हाताऱ्यासमोर उभे होते. "बाबा, हे कुठल्या काळातलं?"

"काळ कंचा? भात पिकलं का वाजवायचा."

"आणि मग?"

"मंग ठेवायचा. फिरून पिकलं का फिरून वाजवायचा."

"ऐकलंत, बाई? यांचा काळ फिरून येतो!"

"तुमची नेमणूक येत नाही फिरून," मी म्हटलं.

आलीही नाही. चार दिवसांत बुवा त्या म्हाताऱ्यामागून मोखाड्याकडच्या पाड्यांवर गेले. तंबोरा माझ्याकडे ठेवला. "आधीचं सापडलं की येतो. पुन्हा विहिरीपासून सुरू करू."

"जेवून जा," म्हटलं. उभ्यानेच दोन घास खाल्ले.

त्यानंतर भात कितीदा तरी पिकलं. मोखाड्याहून येणारे सुरुवातीला सांगत, या पाड्यावर दिसले, पण विचारलं तर पुढच्या पाड्यावर गेलेले. नंतर कुणी काही सांगेना, आणि मीही विचारणं सोडलं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली मागून गेलेल्या त्या कारकुनाला हो म्हटलं. खोली झाडली, सारवली. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बुरशी चढली होती, ती कोरड्या फडक्याने पुसली. भोपळे उतरवल्यावर चुलीवरची दोरी मोकळी झालीच होती. तंबोरा तिथं टांगला, आचेपासून जरा दूर. धुरात कीड लागत नाही.