सोवळ्यातला चुंबक
लिहिण्याचा माझा अधिकार नाही, माफ करा. पण टाचण्यांच्या डबीचा गंजका वास आला की खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेतला मराठी माध्यमाचा वर्ग आठवतो. मध्य भारत हे आमचं राज्य मोडून राजधानी भोपाळला गेली होती आणि वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे पाहायला शिक्षण खात्याचे साहेब मागे बसले होते. मी, त्या वर्गाचा मास्तर, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, पुठ्ठ्याखालून चुंबक फिरवत होतो. वर टाचणी पळत होती. "सर, हा शिवत का नाही? सोवळ्यात आहे?" एका मुलीने विचारलं. "मग ओढतो कसा गं?" शेजारची म्हणाली. "माझी आजी पण सोवळ्यात दूर से ही सबको खींचती है!" पहिली म्हणाली. साहेब हसले. ते हसू कसलं, हे आजही उमगलेलं नाही. कित्येक महिन्यांनी भोपाळहून एवढंच कळलं, की वर्ग राहील, पण हिंदीतून.