पहिला बार

रोह्याच्या सरकारी दवाखान्यातून माझ्या पोलीस ठाण्यात आलेला तो फोन मी अजून विसरलेलो नाही. डोंगरालगतच्या आदिवासी वाडीतला एक मजूर झाडावरून पडून मेला, असे सांगून नातेवाइकांनी त्याला आणले होते. डॉक्टर म्हणाले, "साहेब, चेहरा भाजलाय आणि गालात पितळेचा तुकडा रुतलाय. तुम्ही येऊन बघा."

तुकडा फाटलेल्या काडतुसाचा होता. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी वाडीत गेलो. प्रत्येकाचा जबाब शब्दाला शब्द सारखा. माणसे इतकी एकसारखी बोलू लागली, की समजावे, त्यांना कोणीतरी पढवले आहे. मयताच्या बायकोला मी एवढेच म्हणालो, "बाय, ते झाड तरी दाखव."

तिने मागे वळून झोपडीचे दार ओढून घेतले. मग म्हणाली, "झाड नाय, साहेब. डुकराच्या शिकारीला गेलते. शेठ म्हणला, बंदूक नवी हाय, पयला बार तू टाक."

शेठ म्हणजे जवळच्या गावातला भातगिरणीचा मालक. वाडी त्याच्या शेतावर राबायची आणि झोपड्याही त्याच्याच जागेत होत्या. झडतीत गिरणीमागच्या तुसाच्या ढिगात मागून फुटलेली रायफल सापडली.

"ढीग उघड्यावर आहे. कोणीही टाकली असेल," शेठ शांतपणे म्हणाला.

रायफल चोरून बनवलेली होती. काडतूस बसते तो नळीचा भाग, म्हणजे चेंबर, लेथवर रीमर, म्हणजे भोक रुंद करायचे धारदार हत्यार, फिरवून कापला होता आणि आत एक चर उमटला होता. गिरणीचा शाफ्ट दुरुस्तीसाठी पेणच्या एका वर्कशॉपमध्ये जात असे, म्हणून मी तिथे गेलो. तिथे लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या खणात रीमर मिळाला. त्याची एक धार थोडी तुटलेली होती. "हा कारखान्यांच्या कंत्राटी कामाचा," तो म्हणाला. पंचनामा करून रीमर आणि नळी मुंबईला प्रयोगशाळेत पाठवली. चर त्याच धारेचा निघाला.

अहवाल समोर ठेवल्यावर टर्नर खचला. "साहेब, मी शेठला बजावलं होतं. चेंबर मोठं कापलं गेलंय, काडतूस आत फाटेल, बार टाकू नका."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणला, मी कुठं टाकणार हाय?"

हवालदाराने ते शब्द तसेच्या तसे उतरवून घेतले.

शेठवर सदोष मनुष्यवधाचे आणि टर्नरवर बेकायदा बंदूक बनवल्याचे आरोपपत्र मी स्वतः लिहिले. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. टर्नरला शेठनेच वकील दिला होता; न्यायाधीशांसमोर त्याने तोंड उघडले नाही. मयताची बायको साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, झाडावरून पडला. रीमर तेवढा बोलला, तोही टर्नरविरुद्ध. टर्नरला शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली, शेठ निर्दोष सुटला.

निकाल सांगायला मी वाडीत गेलो. मयताची बायको दारात भात पाखडत होती.

"माहीत हाय, साहेब. शेठनंच सांगितलं," ती म्हणाली. "उद्यापास्नं कामावर बोलावलंय."

तिच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. खरे काय ते तिने मला एकदा सांगितले होते. त्यानंतर तिला शेठच्याच जागेत राहायचे होते आणि माझी तर बदली होणार होती. पुराव्याइतकाच साक्षीदाराच्या पायाखालचा जमिनीचा तुकडा महत्त्वाचा असतो, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते.