पेंटरने रंगवलेलं दार

वहिनींच्या घरी भाड्याने राहायला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी त्या दाराची कडी ओढलेली होती, आणि ओढून जो तो सपशेल तोंडघशी पडला होता.

घर जुनं, दुमजली. वरच्या मजल्यावर लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना भाड्याच्या खोल्या. बोळाच्या एका टोकाला लाकडी जिना आणि दुसऱ्या टोकाला नुसती कोरी भिंत. ही भिंत वहिनींच्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपायची. तो नाटक कंपनीत पडदे रंगवायचा. राजवाडा म्हणा, अरण्य म्हणा, नदीकाठ म्हणा, त्याच्या ब्रशातून उतरला की पहिल्या रांगेतल्या माणसाला वारा लागायचा. सगळं जग त्याला पेंटर म्हणायचं, वहिनींच्या माहेरची माणसंसुद्धा.

"इतकं चालत आलेल्या माणसाला शेवटी भिंत दाखवायची, हे काही बरं नाही," असं म्हणत त्याने एका सुट्टीत उरलेसुरले रंग काढले आणि त्या भिंतीवर दार रंगवलं. गडद हिरवं, किंचित किलकिलं. उंबरठा मधोमध झिजलेला, कडी हाताळून हाताळून चकाकलेली, आणि फटीतून जमिनीवर सांडलेली उन्हाची तिरीप. ती बाजू पश्चिमेची, आणि ऊन मात्र कोवळं, सकाळचं. वहिनींनी तिथल्या तिथे चूक काढली. पेंटर म्हणाला, "असू दे. आपल्या घरात सूर्य माझ्या सोयीने उगवेल."

तेव्हापासून घराचा रिवाजच पडला. नवा भाडेकरू आला की कोणीतरी साळसूदपणे सांगायचं, बाथरूम त्या टोकाच्या दारातून. तो बिचारा साबण-टॉवेल घेऊन निघायचा, आणि बोळातल्या प्रत्येक दाराआड माणसं श्वास रोखून उभी. कडीला हात गेला रे गेला की असा हशा उसळायचा, की कंपनीच्या विनोदी नटाला हेवा वाटावा. मग वहिनींचा चहा. तो चहा प्यायला की माणूस घरचा झाला. राजाच्या भूमिका करणारा एक धिप्पाड नट तर दोनदा फसला. दुसऱ्यांदा म्हणाला, मला वाटलं एव्हाना उघडलं असेल.

खालच्या खोलीत कंपनीचा प्रॉम्प्टर राहायचा. जन्मभर विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली, त्यामुळे मोठ्याने बोलायचंच विसरला होता. बाजारात भाजीचा भावसुद्धा कुजबुजत करायचा, आणि भाजीवाली काहीतरी गुपित असेल म्हणून कान पुढे करायची. पेंटरचा तो जिवलग. दोघं जिन्यावर बसून जुन्या प्रयोगांच्या फजित्या उकरून काढायचे, आणि स्वयंपाकघरातून वहिनी त्यांच्या तपशिलातल्या चुका दुरुस्त करायच्या.

मग पेंटर गेला. पाठोपाठ कंपनीही बसली. त्याने रंगवलेले पडदे कोणीतरी कापून ट्रकच्या मालावर झाकायला नेले. अर्धा राजवाडा वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी सिमेंटच्या पोत्यांवर पाहिला. नटांचे पोशाख, पेट्या, गुंडाळलेली कापडं मात्र त्यांनी टाकून देववेना म्हणून आणली आणि जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी रचून ठेवली. पेंटरच्या हातचं म्हणून आता एक ते दारच उरलं होतं. रोज सकाळी मऊ फडक्याने वहिनी ते हळूच पुसायच्या, झोपलेल्या माणसाचा चेहरा पुसावा तसं.

ती थट्टा मात्र पुन्हा कोणी केली नाही. वहिनींच्या देखत कोणाची छाती व्हायची? नव्या माणसाला पाणी कधी येतं ते सांगितलं जाई, फाटक कसं लावायचं ते सांगितलं जाई. त्या दारापलीकडे काही नाही, हे सांगायचं राहून जाई. पूर्वी ते त्या हशातूनच सगळ्यांना कळायचं.

जिन्यालगतच्या खोलीत एक तरुण शिक्षिका राहायला आली. उजाडता जायची, दिवेलागणीला यायची. दुसऱ्या टोकाला दार आहे एवढं तिने जाता-येता पाहिलं होतं, बस्स.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मीटरची जुनी वायर तडतडली. शेजारी राजांचे अंगरखे होतेच. कापड आधी धुमसलं, मग धूर जिन्याच्या चिमणीतून सरळ वर चढला. वास पहिल्यांदा प्रॉम्प्टरला आला, आणि जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस असा ओरडला की पार गल्लीच्या तोंडावरची दुकानं रिकामी झाली.

वर वहिनी रिकाम्या खोलीत गाद्यांना ऊन दाखवत होत्या. त्या बोळात आल्या तर जिन्याच्या बाजूने काळा लोट येतोय, आणि बोळाच्या टोकाला शिक्षिका दोन्ही हातांनी भिंतीशी झटतेय.

"काकू," ती खोकत म्हणाली, "कडी निघत नाहीये."

वहिनींनी तिला दंडाला धरून खोलीत ओढलं, दार लावलं, हंड्यातल्या पाण्यात चादर बुडवून दाराच्या फटीत कोंबली आणि दोघी खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांनी शिडी लावली. तोवर बंबही आला. पेट्या गेल्या, खालच्या पायऱ्या गेल्या. माणसं सगळी वाचली. शिक्षिकेच्या नखांत मात्र हिरवा रंग अडकला होता.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलातले साहेब पाहणीला आले. वायरिंग शेवटचं कधी तपासलं, जिन्याखाली सामान कोणी ठेवलं, धुराची सूचना देणारी घंटा कुठे आहे, असं एकेक विचारू लागले. वहिनी अडखळल्या की मागून प्रॉम्प्टर सवयीने उत्तर पुरवायचा, आणि ते हमखास चुकीचं असायचं. शेवटी साहेबांनी विचारलं, जिना पेटला तर वरच्यांची दुसरी वाट कुठली?

"ते दार कुठे उघडतं?" म्हणत साहेब टोकाकडे गेले आणि त्यांनी कडीला हात घातला.

प्रॉम्प्टरला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. भिंतीवरचे नखांचे ओरखडे त्यांनी बोटाने चाचपले.

"बाई, खोली भाड्याने दिलीत म्हणजे त्या माणसाचा जीवही थोडा तुमच्या हवाली झाला," ते म्हणाले. "चित्र सुरेख आहे. पण माणसं याच्याकडेच पळणार."

साहेबांनी सुधारणांची यादी दिली, त्यात वरच्यांसाठी बाहेरून दुसरा जिनाही होता. बाकीचं सगळं वहिनींनी मुकाट मान्य केलं. वायरिंग नवं घातलं. दोन्ही मजल्यांवर धुराच्या घंटा लावल्या. आग विझवायचं नळकांडं आणलं आणि ते कसं वापरायचं हे प्रॉम्प्टरसकट सगळ्यांकडून गिरवून घेतलं. आतून किल्लीशिवाय उघडेल असं कुलूप फाटकाला बसवलं. जिन्याखाली नंतर कोणी चप्पल जरी ठेवली तरी त्या फेकून देत. पण बाहेरून लोखंडी जिना लावायचा तर जागा एकच होती, ती भिंत. पलीकडे मागचं अंगण. म्हणजे पेंटरचं दार फोडायचं.

तिथे मात्र त्यांचं पाऊल अडलं. आज बघू, उद्या बघू. गवंडी दोनदा येऊन परत गेला. प्रॉम्प्टरने तोडगा काढला, की दारावर मोठ्या अक्षरांत 'ही भिंत आहे' असं लिहून टाकू. वहिनींना तो पटलाही. त्यांनी शिक्षिकेला अक्षर काढायला बोलावलं, तुझं वळणदार आहे म्हणून. तिने खडू हातात घेतला आणि परत खाली केला.

"लिहिते, काकू. पण खरं सांगू का? त्या दिवशी मला वाचायचं सुचलंच नसतं. मला फक्त ऊन दिसलं."

वहिनींनी तिच्या हातातला खडू काढून घेतला. मग प्रॉम्प्टरला म्हणाल्या, "गवंड्याला सांगा, या आठवड्यात या म्हणावं. आणि जुन्या मंडळींना कळवा. निरोप घेतील."

हयात होती ती सगळी आली. कोणी काठी टेकत, कोणी नातवाच्या खांद्याचा आधार घेत. दोनदा फसलेला तो राजा आता हडकला होता, पण चाल तीच. एकेकाने पुढे होऊन शेवटचं म्हणून कडीला हात घातला. बोळभर हशा झाला आणि हसता हसता कितीतरी डोळे भरले. कोणी विचारलं, वहिनी, तुम्ही कधी फसलात की नाही?

"मी?" वहिनी म्हणाल्या. "रंग ओला होता तेव्हाच. ह्यांनी सांगितलं, जरा बाहेर डोकावून बघ, पाऊस येतोय का. पुढे आठ दिवस माझा हात हिरवा होता, आणि हे लोकांना तो हात दाखवत फिरत होते."

गवंड्याने विचारलं, सुरुवात कुठून करू? वरच्या कोपऱ्यातून केली तर काही भाग सोडवून देता येईल, आठवण म्हणून. वहिनींनी मान हलवली. तुकडा ठेवला तर मी त्याच्यासाठी पुन्हा एक भिंत शोधेन, म्हणाल्या. पहिला घाव पडला तेव्हा त्या चहा टाकायला खाली गेल्या, आणि चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही.

नवं दार बसलं. राखाडी, पत्र्याचं, आतून नुसतं ढकललं की बाहेर उघडणारं. साहेबांनी येऊन ते ढकलून पाहिलं आणि ठीक म्हणाले. सगळ्यांना ते फारच ओकंबोकं वाटलं. शिक्षिका म्हणाली, काकू, माझ्या शाळेतले चित्रकलेचे सर छान रंगवून देतील, वेल-बिल काढतील.

"नको गं," वहिनी म्हणाल्या. "दार दारासारखंच दिसू दे."

मग कठड्याला धरून, दुखऱ्या गुडघ्याला दरडावत, त्या लोखंडी जिना उतरू लागल्या. शेवटच्या पायरीसमोर, अगदी वाटेत, कोणाची तरी सायकल टेकवून ठेवलेली होती. वहिनी तिथेच थांबल्या आणि वर तोंड करून, ही सायकल ज्या कोणा राजेश्रींची असेल त्यांनी आत्ताच्या आत्ता खाली यावं, म्हणून हाका मारू लागल्या.