मोनिकचा गुडघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. म्हणजे, त्याला अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धंसुद्धा मी अशा बेताने सांगितलं की त्यात माझी चूक दिसू नये. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची नागपूरची, आता अमेरिकेत ईडन प्रेरीला राहते. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका महिलांच्या सॉकर क्लबमध्ये नोकरी करत होते. क्लब छोटा, पगार बेताचा — पण माझा व्हिसा त्यांच्या नावावर होता, ग्रीन कार्डसाठीही त्यांनीच अप्लाय केलं होतं. मोनिक तिथे डिफेंडर होती. उंच, ब्लॅक मुलगी, हसली की शेजारच्या खोलीत कळायचं. आदल्या सीझनला तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशननंतर तिला पुन्हा चालायला लावलं ते मी. माझा खांदा धरून ती रडली होती. मला ती ‘डॉक’ म्हणायची. मी डॉक्टर नाही, असं मी दर वेळी सांगायचे आणि ती दर वेळी विसरायची.

त्या वसंतात तिच्या मामेभावाला पोलिसांनी गाडीतून ओढून इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. पुढच्या मॅचला राष्ट्रगीत सुरू झालं आणि मोनिक निषेध म्हणून एका गुडघ्यावर खाली बसली. ऑपरेशनचा पाय पुढे, दुसरा गुडघा गवतावर. तसं बसायला मीच शिकवलं होतं तिला, व्यायाम म्हणून.

मी मैदानाच्या कडेला उभी होते. अगदी ताठ. आमच्या शाळेत राष्ट्रगीताला जरा हललं तरी पाठीत धपाटा बसायचा, ते अंगातच राहिलंय. तिला बसलेलं पाहून मला काय वाटलं? अभिमान वाटला, असं सांगायला आवडलं असतं. पण राग आला. कशाचा? देश तिचा, राष्ट्रगीत तिचं, भाऊ तिचा. मी तर इथली नागरिकही नव्हते. तरी आला — आणि त्या रागाच्या तळाशी हेव्यासारखंही काहीतरी होतं.

थोड्याच दिवसांत क्लबने नियम काढला. राष्ट्रगीताच्या वेळी मैदानावरच्या प्रत्येकाने, खेळाडू असो की स्टाफ, उभंच राहायचं. सुनील, माझा नवरा, म्हणाला, “बरोबर आहे ना. कामाच्या ठिकाणी कामाचे नियम पाळायचे. आणि तू यात पडू नकोस हं, प्लीज.” मला त्याचं पटलं. मोनिकचंही पटत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं पटतं माणसाला? मला अजून कळलेलं नाही.

मोनिक पुढच्या मॅचलाही बसली. प्रेक्षकांतले काही जण तिला शिव्या देत होते, काही टाळ्या वाजवत होते. नियम मोडला म्हणून काढावं, तर पेपरात बोभाटा होणार — मालकांना त्याची धास्ती होती.

मग एचआरची लिंडा माझ्याकडे आली. दोघींसाठी कॉफी घेऊन. राष्ट्रगीताचा विषयच काढला नाही तिने. “मोनिकचा गुडघा कसा आहे?” तिने विचारलं. “अख्खा सीझन झेपेल ना? काही शंका असली तर आत्ताच सांग. आम्हाला काळजी वाटते तिची.”

तिला काय हवंय ते मला कळलं. कळलं नव्हतं, असं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलंय. कळलं होतं. मोनिकचा गुडघा ठणठणीत होता. त्याच सकाळी मी तिला एकेका पायावर उड्या मारायला लावल्या होत्या, दोन्ही पायांत काही फरक उरला नव्हता.

“मला खात्री देता येणार नाही,” मी म्हणाले. “पुन्हा फाटू शकतं. हा सीझन खेळू नये तिने.”

लिंडाने व्हिसाचं नावही घेतलं नव्हतं. धमकी नाही, आमिष नाही. मग का बोलले मी? भीतीने? त्या रागाने? की समोरचा गोड बोलून विचारतोय तर त्याला हवं ते उत्तर द्यायचं, ही नुसती सवय? मी कारण शोधत बसते. एक हातात धरलं की दुसरं खरं वाटायला लागतं.

मोनिकचं काँट्रॅक्ट संपवलं. दुखापतीचं कारण देऊन. सामान न्यायला आली तेव्हा ती माझ्याकडे आली. आता भांडेल, असं मला वाटलं — भांडली असती तर!

“मी खाली बसले म्हणूनच काढतायत, असं वाटलं होतं मला,” ती म्हणाली. “वकिलाकडे जाणार होते. मग कळलं, तू सांगितलंयस. डॉक, तू म्हणतेस म्हणजे खरंच असणार.”

आणि तिने मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

दुखापतीचं कळल्यावर दुसऱ्या कुठल्या क्लबने तिला घेतलं नाही. ती आयोवाला गेली, तिथे एका शाळेत शिकवते. मला ग्रीन कार्ड मिळालं.

मध्यंतरी तिचा फोन आला. शाळेतल्या मुलींना सॉकर शिकवते म्हणाली. “त्यांच्याबरोबर धावावंसं वाटतं गं. पण तू सांगितल्यापासून मी जिनासुद्धा जपून उतरते. धावू का?”

मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुठे जायची घाईही नव्हती. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

“धाव,” मी म्हणाले. “आता चालेल.”

‘आता’ म्हणाले मी. म्हणजे तेव्हा चाललं नसतं. तो शब्द मी चुकून बोलले नाही, विचार करून घातला. ती पलीकडून हसली, थँक यू डॉक म्हणाली. आणि मी वेलकम म्हटलं.