मेणाचे दोन डोळे

त्या दिवशी मी देवाकडे मागायला निघाले होते की भांडायला, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. जॉर्डनमधल्या अम्मानच्या हॉस्पिटलात माझे मिस्टर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या घेऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुटणार होत्या. आणि मी टॅक्सीत बसून नेबो डोंगराकडे चालले होते, पर्समध्ये सासूबाईंनी वसईहून पाठवलेले मेणाचे दोन डोळे घेऊन.

आम्ही तेव्हा बहारीनला, बुदैयाच्या रस्त्यालगत भाड्याच्या घरात राहायचो. सौदीचा पूल अजून व्हायचा होता. मी नर्स, मिस्टर अस्करच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. एका संध्याकाळी ते गाडी लावून आत आले आणि बूटही न काढता पलंगावर बसले. म्हणाले, "अगं, उजव्या डोळ्यापुढं काळा पडदा उतरतोय." दोन दिवस त्यांनी ते अंगावर काढलं होतं आणि घरात नर्स असून मला पत्ता नव्हता. मी आधी चिडले, मग घाबरले. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालंय, असं तपासणीत निघालं. नकाशे काढून पोट भरणारा माणूस, त्याचे दोन्ही डोळे. बहारीनच्या डॉक्टरांनी अम्मानच्या एका सर्जनकडे जा म्हटलं, म्हणून लीव्ह काढून आम्ही निघालो.

आमच्याकडे ज्याचं जे दुखतं त्याच्या आकाराचं मेण मरियामातेपुढं ठेवतात. हात, पाय, बाळ, काहीही. सासूबाईंनी सुट्टीवरून परतणाऱ्या आमच्या गावच्या एका नर्सबरोबर डोळे धाडले आणि सोबत चिठ्ठी, "जिथं असशील तिथल्या देवळात ठेव. दोन्ही ठेव." मला नेबो आठवला. मरेपर्यंत बायबलातल्या मोशेची नजर मंदावली नव्हती, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं, आणि तो मेला तो याच डोंगरावर. डोळे मागायला यापेक्षा चांगली जागा कुठली, असं माझं मीच ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर श्रद्धेपेक्षा माझ्यात धुसफूसच जास्त होती. इतकी वर्षं आखातात काढून इंशाल्ला, म्हणजे देवाची मर्जी असेल तर, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. व्हिसा होईल का, इंशाल्ला. नळवाला येईल का, इंशाल्ला. अम्मानच्या सर्जनना मी विचारलं, दोन्ही डोळे वाचतील ना? त्यांनीही तेच म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला खात्री हवी होती. ती कुणी देईना म्हणून मीच ती मिस्टरांना देत सुटले. रोज सकाळी त्यांचा हात धरून म्हणायची, "नक्की दिसेल, अगदी पहिल्यासारखं." बाहेर येऊन मात्र कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायची. एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं. पेशंटच्या नातेवाइकांना धीर धरा म्हणून सांगणं किती सोपं असतं, ते तेव्हा कळलं.

जुलैचा महिना. घाईघाईत पर्स मी टॅक्सीच्या मागच्या काचेशी टाकली होती. बहारीनच्या उन्हात लिपस्टिकसुद्धा फ्रिजमध्ये ठेवणारी मी, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं.

वर देऊळ म्हणावं असं काही दिसेना. जुन्या भिंती, त्यावर साधं छप्पर आणि खाली फरशी. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी बारीक रंगीत खडे एकाशेजारी एक बसवून ही चित्रं केली, ती बघायला देशोदेशीची माणसं येतात, असं ऐकलं होतं. मला दिसली नुसती धूळ. राखाडी, मातकट, आमच्या अंगणासारखी. एवढ्यासाठी आजारी माणसाला सोडून आले, असं वाटून गेलं. कडेला बसून पर्स उघडली, तर डोळे उरलेच नव्हते. मेणाचा एकच गोळा झाला होता. उजवा कुठला, डावा कुठला, काही कळेना. हा अपशकुनच, असं मनात आलं आणि मी त्या परक्या जागी बसून ढसाढसा रडले.

हातातल्या गोळ्याचं मऊ मेण खाली फरशीला लागलं. "ला, ला," नको, नको म्हणत एक म्हातारा बादली आणि स्पंज घेऊन धावत आला. तिथली झाडलोट त्याच्याकडे असावी. तो मला रागावेल वाटलं, पण तो नुसता गुडघे टेकून बसला, नखाने मेण हलकेच खरवडलं आणि ओला स्पंज फिरवला. पाण्याखाली रंग वर आले. आधी लाल, मग हिरवा. एक झाड, त्याखाली शेळ्या आणि एक मेंढपाळ. माझं रडं थांबलेलं बघून त्याने पुढचा तुकडाही पुसला. तिथं दोरीला धरलेलं शहामृग होतं, बाजूने काढलेलं, त्याला एकच डोळा. एका काळ्या खड्याचा.

मग त्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "शमा?" मेणबत्ती का, असं तो विचारत होता. मी माझ्या डोळ्यांना हात लावला आणि मोडक्या अरबीत सांगितलं, नवरा, हॉस्पिटल. त्याने मान हलवली. तो गोळा घेतला, कोपऱ्यातल्या एका गोणीच्या तोंडाचा सुतळीचा धागा काढला, भोवती मेण वळलं आणि भिंतीशी वाळूच्या ताटलीत खोचून पेटवलं. स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि बादली उचलून आपल्या कामाला लागला.

मागणं मी शब्दन् शब्द पाठ करून आणलं होतं. त्यातला एकही आठवेना. "तूच बघ आता," एवढंच तोंडातून निघालं. मेण जळेपर्यंत मी तिथं बसून होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मला उठावंसं वाटलं नाही. मघाशी पुसलेली जागा तोवर सुकून पुन्हा राखाडी झाली. पण तिथं काय आहे ते आता मला माहीत होतं.

संध्याकाळी मिस्टरांनी विचारलं, "उद्या दिसेल ना गं?"

माझ्या तोंडात रोजचं "नक्की" तयार होतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत हो. इंशाल्ला."

त्यांनी माझा हात चाचपून घट्ट धरला. "बरं झालं बोललीस. तू नक्की नक्की म्हणायचीस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. तुझा आवाज थरथरायचा."

डावा डोळा वाचला. उजव्याला उजेड कळतो, बाकी काही नाही. सासूबाईंना कळवलं तेव्हा दोन्ही ठेवले होते ना, असं त्यांनी विचारलंच. मी लिहिलं, दोन्ही ठेवले, पण त्याचं एक झालं.

आता वसईला येऊन खूप वर्षं झाली. मिस्टर ओट्यावर बसून एका डोळ्याने तांदूळ निवडतात आणि मी निवडलेल्या तांदळातून खडा काढून मला दाखवतात. त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज रोझरी संपली की मी त्याच्यासाठी एक प्रार्थना जास्त म्हणते, बादलीवाल्यासाठी म्हणून सांगते. कोणाबद्दल बोलतेय ते मरियामातेला कळतं.