टाकी म्हंजे काय?

कल्लप्पाच्या नावातच दगड होता. कन्नडात कल्लु म्हणजे दगडच. निजामाच्या मुलखात, बिदरजवळच्या राजेश्वर गावच्या आसपासच्या खेड्यांतून तो जात्यांना टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टोचे मारत फिरायचा. डोकंही त्याचं दगडाचंच. एकदा बोलला की बोलला, मग ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

पहिल्या जर्मन लढाईत तो हमालांच्या टोळीतून थेट फ्रान्सात जाऊन आला होता. तिथं त्यानं लोखंडाचं चालतं घर पाहिलं, खंदकातली माणसं चिरडत जाणारं. गोरे त्याला 'टँक' म्हणत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, पाण्याच्या टाक्या बनवतोय असं कारखान्यात सांगून ठेवलं होतं. तेच नाव चिकटलं. टोळीतला एक गुजराती कारकून तर म्हणाला, हा शब्द साहेबाचा कुठला, आपल्याच टाक्यावरून उचललेला! कल्लप्पा हे तीस वर्षं चावडीवर सांगत आला. "काय कल्लप्पा, तुझं टाकं कुठवर चालत आलं?" असं कुणी विचारलं की हा पायताण काढून अंगावर धावायचा.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात मात्र हसायचे दिवस राहिले नव्हते. निजामाचे रझाकार गावात ठाण मांडून होते. कल्लप्पाचा धाकटा भाऊ सिद्धराम सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीतून निरोप घेऊन आला आणि वेशीतच धरला गेला. 'टाक्या येणार हाईत,' एवढंच त्याच्या तोंडचं कुणीतरी ऐकलं होतं. त्याला हात बांधून लिंबाला टांगलं आणि चाबकानं सोललं. पाठीची कातडी लोंबायला लागली तरी गडी बोलेना. मग रझाकारांच्या म्होरक्यानं कल्लप्पाला फरफटत आणवलं.

"ये टाकी क्या है रे?"

टाकी म्हणजे फौजेचा टँक, हे खरं सांगितलं तर भाऊ जागच्या जागी मेला आणि गावाला आग लागली. कल्लप्पानं पिशवीतून आपली छिन्नी काढली. "ही, साब. जात्याला लावायची. म्याच सोलापुराहून आणाय सांगितलं व्हतं. ह्या येड्याला निरोप बी धड सांगता येत न्हाई."

म्होरक्या हसला. त्यानं कल्लप्पाचा डावा हात दगडावर दाबून धरायला लावला, तीच टाकी तळव्यावर टेकवली आणि हातोडा घातला. हाडं कडकन मोडली.

"अब बोल. टाकी क्या है?"

"हीच, साब," कल्लप्पा डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. "दुसरी कुठली असंल?"

पुन्हा घाव पडला, पुन्हा तेच उत्तर. शेवटी सिद्धरामचा दोर कापून त्याला चिखलात टाकून दिलं.

हात शिवायला बंदगीसाब आला. गावाचा न्हावी तोच आणि जखमा शिवणारा जर्राहही तोच. सुई मांसात शिरली तसा कल्लप्पा बरळायला लागला. "घाल बाबा, टाके घाल. तुझे टाके, माझी टाकी, अन् सोलापुराकडून यायलीय ती बी टाकीच, लोखंडाची. फौज यायलीय, बंदगीसाब. तू पळ." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. म्होरक्याची दाढी रोज बंदगीसाबच करायचा.

"मैं कायकू भागूं रे? मैं किसका क्या बिगाडा?" बंदगीसाब म्हणाला आणि शिवत राहिला. दुसऱ्या दिवशी म्होरक्याची दाढी करताना त्यानं चकार शब्द काढला नाही.

सोलापुराकडून हिंदी फौजेचे टँक खरंच आले. म्होरक्या पळता पळता गोळीनं पडला. कल्लप्पाला हसणारी मंडळी हार घेऊन सडकेवर धावली आणि हार संपल्यावर कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांच्या घरांकडे वळली. चाबूक मारणारे कधीच पसार झाले होते. मागं उरले होते पिंजारी, विणकर, म्हातारेकोतारे. त्यांनाच कापलं. अरे, कसली डोंबलाची मर्दुमकी ही!

कल्लप्पानं बंदगीसाबला देवळामागच्या पाण्याच्या टाक्यात लपवलं होतं. जमावाच्या पुढं होता सिद्धराम, उघड्या, सोललेल्या पाठीनं.

"अण्णा, न्हावी कुठाय? त्या हरामखोराची रोज दाढी करीत व्हता."

"मला काय ठावं?" कल्लप्पा डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला.

"तू खोटं बोलायलास. झाडाला टांगलो व्हतो तवा बघितलंय म्या, खोटं बोलताना तू असाच बघतूस." लपायला गावात देवळामागच्या टाक्याशिवाय जागा नव्हती; सिद्धराम तिकडंच निघाला.

कल्लप्पा धावत जाऊन टाक्याच्या पायरीवर आडवा उभा राहिला. खाली छातीभर पाण्यात बंदगीसाब हात जोडून उभा होता.

"माझ्यामुळं न्हाई वाचलास तू, सिद्धा! टाकी म्हंजे काय ते ह्याला ठावं व्हतं. म्याच सांगितलं व्हतं. वस्तरा फिरवताना ह्यो एक शब्द बोलला असता, तर तुझं मढं पडलं असतं!"

सिद्धरामच्या हातातली कुऱ्हाड गळाली. तो गर्रकन फिरला आणि हात पसरून जमावाला अडवू लागला. "थांबा! ह्यानं वाचवलंय मला! ह्यानं!"

पण सडकेवरून टँक अजून चाललेच होते. त्या घरघराटात त्याचं ओरडणं समोरच्या माणसालाही ऐकू गेलं नाही. दोघा भावांच्या डोक्यांवरून जमावाचे दगड टाक्यात पडत राहिले, पाणी लाल झालं तरी पडत राहिले.