तीर्थासोबतच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, वजीरभाईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे — म्हणून मी नरम पडलो असं समजू नका.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझी आडत आहे. पोती वाहून सुरुवात केली, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. काही वर्षांपूर्वी दुष्काळ पडला, तेव्हा मोंढ्यात माल नव्हता. टँकरची वाट बघायची आणि लातूरमधून फुटून उदगीरचा वेगळा जिल्हा कधी होणार यावर भांडायचं, एवढाच धंदा. लातूरचं नाव काढलं की सगळे चिडायचे. आणि माझा डॉक्टर नेमका लातूरचा — मधूनमधून येऊन इथं बसणारा.

त्यानं मला बीपीच्या दोन गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, एकीवर जमवा." मी आयुष्यभर हेच केलं — समोरचा दोन म्हणाला की एकावर आणायचं. तो भरल्या दवाखान्यात हसला. "शेटजी, हा मोंढा नाही. इथं भाव होत नसतो." बाकावरच्या बायकासुद्धा हसल्या. ते हसू मी विसरलेलो नाही. का विसरू?

त्याच सुमारास टीव्हीवर तो दुसरा डॉक्टर दिसला. पांढरा कोट, शेजारी एक नटी. रोज उपाशीपोटी दुधीचा रस प्या, गोळ्या बंद करा, म्हणत होता. नटी मान डोलवत होती. मला पटलं का? छे! माल न बघता भाव सांगणारा माणूस मी लांबून ओळखतो.

तरी दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सांगत सुटलो — रस सुरू केला, गोळ्या फेकल्या, बीपी उतरलं, आता त्या लातूरवाल्यानं दवाखान्याला कुलूप लावावं! लोक हसले. या वेळी त्याच्यावर. लई गोड लागलं ते.

आणि गोळ्या? दोन्ही घेत होतो. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की तीर्थासोबत गिळायच्या. पूजेच्या खोलीत तेव्हा कुणी येत नाही.

वजीरभाई आमचा दलाल. त्यालाही बीपी, डॉक्टर तोच. आमच्यात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सांगायचा. एकदा बोट दाबलं की फिरायचं नाही — त्यावर तर मोंढा चालायचा. तर वजीरभाई आला आणि रुमाल माझ्या हातावर टाकून म्हणाला, "टीव्हीवाल्याचं सोडा शेट, त्यो काहीबी बोलतो. तुमी खरंच पिऊन राहिले का? गोळीबिगर उतरलं? दाबा बोट."

चार जण बघत होते. कबूल केलं असतं तर काय झालं असतं? हसले असते. बस, एवढंच.

मी बोट दाबलं.

त्यानं गोळ्या सोडल्या. बाजारात दुधी मिळेना, तर त्याच्या बायकोनं आंघोळीचं पाणी घालून परसातला वेल जगवला. मला ठाऊक होतं. रोज तो समोर बसायचा, रोज मी गप्प. उन्हाळा संपायच्या आत त्याची उजवी बाजू गेली. लातूरवाल्यानंच त्याला आपल्या गाडीत घालून नेलं. माणूस वाचला, हात नाही.

मग मोंढ्यानं टीव्हीवाल्याला शिव्या घातल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. त्या डॉक्टरनं हसायला नको होतं — हे मी आजही म्हणतो. टीव्हीवाला खोटारडा — तेही म्हणतो. पण वजीरभाईनं त्या दोघांना विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं.

तो अजून येतो, काठी टेकत. "तुमाला लागू पडला रस, मला न्हाई पडला. आपलं आपलं नशीब, शेट," म्हणतो. हे वाचून कुणी त्याला सांगेल? सांगू दे.

आता मोंढ्यात बोली तोंडानं होते. तरी कधी मजेत तो रुमाल काढतो, डावा हात खाली सरकवतो. मी बोट दाबतो. तो मान हलवतो — एकदाही उलटून विचारत नाही.